टोमॅटोला फुले भरपूर लागतात, पण फळ धरत नाही: गच्चीवरील फुलगळीबद्दल

अबोली (पुणे), १४ एप्रिल

सर्वांना नमस्कार. आमच्या गच्चीवर १० फेब्रुवारीला मी टोमॅटोची सहा रोपे लावली. कुंड्या बारा इंची आहेत. त्यांत निम्मी लाल माती, पाव भाग शेणखत आणि पाव भाग कोकोपीट घातले आहे. दर आठ दिवसांनी जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेले पातळ खत) आणि पंधरा दिवसांतून एकदा गांडूळखत देत आले. रोपे छातीइतकी उंच झाली आहेत, खोड अंगठ्याएवढे जाड आहे, पाने काळपट हिरवी आहेत आणि येणारा प्रत्येकजण झाडांचे कौतुक करतो.

अडचण फळांची आहे. मार्चच्या मध्यापासून फुलांचे घोस येत आहेत. फूल उमलते, तीन-चार दिवस टिकते, मग देठावर मधोमध जी गाठ असते तिथे पिवळे पडते आणि नुसता धक्का लागला तरी गळते. गळलेली फुले मी वहीत नोंदवत गेले. आजपर्यंत ६३ फुले गळली असून फळे केवळ दोन धरली आहेत, आणि तीही बोराएवढीच राहिली आहेत. कुणी सांगितले म्हणून अंड्याची टरफले कुटून घातली, ताकाची फवारणी केली, दुकानदाराच्या सल्ल्याने ०:५२:३४ हे विद्राव्य खतही दोनदा दिले. इमारतींच्या दाटीत मधमाश्या येत नाहीत म्हणून हे होते, असे शेजारच्या काकूंचे म्हणणे आहे. नेमके कारण कसे ओळखावे आणि आता काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नाना (नारायणगाव), १४ एप्रिल

अबोलीताई, गळलेली फुले मोजून ठेवलीत हे फार चांगले केलेत, कारण बहुतेक लोक ‘फुले गळतात’ एवढेच सांगतात आणि मग आम्हाला अंदाजाने बोलावे लागते. मी पंचवीस वर्षे टोमॅटो करतो आहे. तुमच्या वर्णनावरून दोन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट नत्राची. खोड अंगठ्याएवढे आणि पाने काळपट हिरवी, हे झाड ‘माजल्याचे’ लक्षण आहे. शेणखत पाव भाग, त्यावर गांडूळखत आणि दर आठवड्याला जीवामृत, एवढे मिळाल्यावर झाड पालाच वाढवत राहते आणि फळ धरण्याची घाई करत नाही. जीवामृत एक महिना पूर्ण बंद ठेवा. ०:५२:३४ मध्ये स्फुरद आणि पालाश असते. ते वाईट खत नाही, पण ज्या फुलात जिवंत पराग नाही त्याला कोणत्याही खताने फळ धरत नाही.

दुसरी आणि मोठी गोष्ट उष्णतेची आहे. दिवसाचे तापमान २१ ते २९ अंश आणि रात्रीचे १५ ते २१ अंश असले की फळधारणा उत्तम होते. दिवसा पारा ३५ च्या वर गेला आणि रात्री २४ च्या खाली उतरलाच नाही, तर फूल उमलते खरे, पण ते वांझ असते. लोक दिवसाचे ऊन पाहतात आणि रात्र विसरतात. माझ्या अनुभवात रात्रीची ऊब फुलाचे अधिक नुकसान करते. तुमच्या कुंड्या नेमक्या कुठे ठेवल्या आहेत, हे कृपया सांगावे.

अबोली (पुणे), १५ एप्रिल

नाना, मनापासून आभार. कुंड्या पाण्याच्या टाकीच्या पश्चिमेकडील भिंतीलगत आहेत. तिथे वारा लागत नाही, त्यामुळे झाडे मोडणार नाहीत असे वाटले होते.

एक शंका विचारते. नारायणगावच्या बाजारात उन्हाळी टोमॅटो एप्रिलपासून पुढे भरपूर येतो, हे आम्ही दरवर्षी वाचतो. मग तुमच्या शेतात याच उन्हात फळ धरते आणि माझ्या गच्चीवर का धरत नाही?

नाना (नारायणगाव), १५ एप्रिल

प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर तुमच्या टाकीच्या भिंतीत आहे. आमच्याकडेही दुपारी ऊन कडक असते, पण उघड्या रानात सूर्य मावळला की जमीन थंड होऊ लागते, पाणी दिलेल्या सरीतून गारवा येतो आणि पहाटे झाडाला पाच-सहा तास तरी विसावा मिळतो. पश्चिमेची सिमेंटची भिंत दुपारभर तापते आणि तीच उष्णता रात्री बाहेर टाकते. वेधशाळा पुण्याची रात्र २१ अंशांची सांगत असेल, तरी तुमच्या झाडाच्या शेंड्याजवळ ती २५-२६ अंशांची असू शकते. शिवाय कुंडीतील मातीही चारी बाजूंनी तापते, रानातील मुळांना हा त्रास नसतो.

आणखी दोन कारणे आहेत. आम्ही उन्हाळ्यासाठी उष्णता सोसणारे संकरित वाण निवडतो, आणि तारकाठीवर बांधलेले पीक दिवसभर वाऱ्याने हलत असते. एवढे असूनही ज्या वर्षी उन्हाळा फार चढतो त्या वर्षी आमचेही वरचे दोन-तीन घोस रिकामे जातात.

देवराई (रत्नागिरी), १६ एप्रिल

मी वनस्पतिशास्त्राची निवृत्त शिक्षिका आहे. नानांनी जे सांगितले त्यामागे फुलात काय घडते, ते थोडे सविस्तर लिहिते, कारण ते एकदा समजले की प्रत्येकाला आपापल्या घरी कारण शोधता येईल.

टोमॅटोचे फूल उभयलिंगी असते. मध्यभागी पिवळी, निमुळती नळी दिसते, ती परागकोश एकमेकांना चिकटून तयार झालेली असते. पराग नळीच्या आतल्या बाजूस मोकळा होतो आणि कुक्षी, म्हणजे पराग झेलणारे स्त्रीकेसराचे टोक, हीही त्याच नळीच्या आत किंवा तोंडाशी असते. फूल खाली मान घालून लोंबत असल्यामुळे जरा हलले की पराग नळीतून घरंगळून कुक्षीवर पडतो. म्हणजे परागीभवनासाठी दुसऱ्या झाडाची गरज नाही आणि मधमाशीचीही सक्तीची गरज नाही, पण फूल हलण्याची गरज आहे. शेजारच्या काकूंच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, परंतु सातेरी किंवा फुलोरी माशी या कामी फारशी उपयोगी नसते. टोमॅटोच्या फुलात मध नसतो आणि मधमाश्यांना ती नळी थरथरवून पराग झाडता येत नाही. ते काम बांबूत आणि वाशांत भोके पाडणारा मोठा काळा भुंगा करतो, तसेच पोटावर निळसर पट्टे असलेली एक चपळ माशीही करते. फुलाला बिलगून पंखांचे स्नायू थरथरवताना या कीटकांचा आवाज एकदम चढतो, तो लक्ष देऊन ऐकला तर सहज ओळखू येतो.

पराग कुक्षीवर पडल्यानंतर त्यातून सूक्ष्म नलिका फुटून ती अंडाशयापर्यंत गेली पाहिजे. बीजांडे फलित झाली की वाढू लागलेल्या अंडाशयातून ऑक्सिन हे संप्रेरक देठाकडे जाते आणि देठाच्या सांध्याला ‘तोडू नकोस’ असा निरोप मिळतो. निरोप पोहोचला नाही तर झाड त्याच सांध्यावर फूल सोडून देते. अबोलीताईंनी वर्णन केलेली पिवळी गाठ ती हीच.

उष्णतेत तीन प्रकारे बिघाड होतो. पराग तयार होत असतानाच तो निकामी होतो, आणि हा नाजूक काळ फूल उमलण्याच्या साधारण ८ ते १३ दिवस आधी येतो. म्हणून आज हवा गार असली तरी मागील आठवड्यातील उष्ण रात्रींचा परिणाम आजच्या फुलात दिसतो. दुसरे असे की परागकोश नीट उकलत नाहीत. तिसरे म्हणजे कुक्षीवृंत (कुक्षीचा दांडा) लांबून नळीच्या बाहेर येतो आणि कुक्षी आपल्याच परागापासून दूर राहते. हे साध्या भिंगाने पाहता येते.

आमच्या कोकणात बिघाड वेगळा आहे. इथे हवेतील ओलावाच इतका असतो की पराग ओल्या पिठासारखा चिकटून बसतो आणि फूल हलवूनही झडत नाही. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. सकाळी दहा-अकराच्या सुमारास पूर्ण उमललेल्या, पाकळ्या मागे वळलेल्या फुलाखाली काळा कागद धरावा आणि देठावर बोटाने हलकी टिचकी मारावी. कागदावर पिवळसर भुकटी दिसली तर पराग मोकळा होत आहे. काहीच दिसले नाही तर दुपारी बारा-एकला, हवा थोडी कोरडी झाल्यावर, पुन्हा पाहावे. भुकटी पडली म्हणजे ती जिवंत आहे असे सिद्ध होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

अंड्याच्या टरफलांविषयी एवढेच सांगते की कॅल्शियम कमी पडल्याने फळाचे बूड काळे पडते. तो विकार फळ धरल्यानंतरचा आहे. फूल गळण्याशी त्याचा संबंध नाही.

वैनगंगा (नागपूर), १६ एप्रिल

देवराईताईंचे लिखाण वाचून बऱ्याच वर्षांच्या शंका मिटल्या. आमच्याकडे टोमॅटोला भेदरं म्हणतात. माझी आई परसात लहान, गोल, आंबट भेदरे लावत असे आणि एप्रिलच्या उन्हातही त्यांचे दोन-चार घोस धरत असत, तर बाजारातून आणलेल्या मोठ्या फळाच्या रोपांना त्याच वेळी एकही फळ नसे. लहान फळाचे वाण उष्णता अधिक सोसतात, हा माझाही अनुभव आहे. मेमध्ये मात्र पारा ४३ च्या पुढे गेला की इथे कोणतेच वाण फळ धरत नाही, तेव्हा झाड फक्त जगवायचे असते.

माझा एक प्रश्न आहे. माझ्या दोन झाडांची पाने चुरगळून वर वळली आहेत, शेंडा झुबक्यासारखा झाला आहे आणि फुले उमलण्याआधीच सुकतात. हाही उष्णतेचाच परिणाम असेल का?

नाना (नारायणगाव), १७ एप्रिल

वैनगंगाताई, उष्णतेने पाने कडेने गुंडाळतात, पण त्यांचा आकार कायम राहतो आणि ती जाडसर लागतात. पान बारीक, पिवळसर, सुरकुतलेले आणि शेंडा आखडलेला असेल, तर तो चुरडा-मुरडा आहे. हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरवते आणि त्यावर औषध नाही. रोप लहान असतानाच लागण झाली असेल तर त्या झाडाकडून फळाची आशा ठेवू नये. झाड मुळासकट उपटून, पिशवीत बांधून बाहेर टाका, म्हणजे उरलेली झाडे वाचतील. पानांच्या खालच्या बाजूस पांढऱ्या माश्या दिसल्यास पिवळे चिकट सापळे लावा आणि संध्याकाळी निंबोळी अर्क फवारा. उपटताना वाईट वाटते हे मी जाणतो, पण दया दाखवून ठेवलेल्या एका झाडामुळे माझा अर्धा एकर गेलेला आहे.

दूरदेशी (डेल्फ्ट, नेदरलँड्स), १८ एप्रिल

मी मूळचा साताऱ्याचा असून सध्या नेदरलँड्समध्ये राहतो. इथली अडचण नेमकी उलट आहे. रात्रीचे तापमान १३ अंशांच्या खाली राहिले तर फुले गळतात, म्हणून रोपे मेच्या मध्यानंतरच बाहेर काढतात.

फूल हलवण्याच्या मुद्द्यावर थोडी भर घालतो. इथे काचगृहांत टोमॅटो मोठ्या प्रमाणात होतो आणि आत वारा नसतो. पूर्वी मजूर आठवड्यातून दोन-तीन वेळा थरथरणारी विजेची काठी घेऊन प्रत्येक घोसाला स्पर्श करत फिरत असत. १९८७ च्या सुमारास शेजारच्या बेल्जियममध्ये बम्बलबी या केसाळ, जाड माशीच्या वसाहती परागीभवनासाठी व्यापारी तत्त्वावर तयार होऊ लागल्या आणि काही वर्षांतच त्या काठ्या मागे पडल्या. ही माशी भारतात प्रामुख्याने हिमालयात आढळते, त्यामुळे पुण्यात तिची वाट पाहण्यात अर्थ नाही. घरगुती उपाय म्हणून विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश चालू करून त्याची पाठ घोसाच्या देठाला, फुलाच्या जरा मागे, दोन-तीन सेकंद टेकवावी. फुलाला थेट लावू नये, नळीला इजा होते. असा ब्रश नसेल तर ज्या काठीला झाड बांधले आहे तिला रोज सकाळी दोन-चार वेळा ठोकले तरी पुरते.

अबोली (पुणे), २९ एप्रिल

आपण सर्वांनी सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे नोंदी केल्या. टाकीच्या भिंतीजवळ झाडाच्या उंचीवर, सावलीत तापमापक टांगला. दुपारी तीन वाजता ४१ अंश आणि पहाटे साडेपाचला २६ अंश तापमान होते. गच्चीच्या पूर्व कठड्याजवळ त्याच पहाटे २२ अंश होते. एकाच गच्चीवर चार अंशांचा फरक असेल, अशी मला कल्पनाही नव्हती. भिंगातून दहा फुले पाहिली, त्यांपैकी सात फुलांत कुक्षी नळीच्या बाहेर स्पष्ट डोकावत होती. काळ्या कागदावर अगदी क्वचित भुकटी पडली.

कुंड्या पूर्वेकडे हलवल्या आहेत आणि जीवामृत बंद केले आहे. हिरवी शेडनेट लावावी का? आणि फुलगळ थांबवणारे संप्रेरक फवारावे, असे दुकानदार म्हणतो, त्याबद्दल आपले मत काय आहे?

नाना (नारायणगाव), ३० एप्रिल

शेडनेटने दुपारचे ऊन सौम्य होईल आणि पानेही करपणार नाहीत, पण रात्र गार होणार नाही. दुपारी बारा ते चार एवढ्यापुरती जाळी ओढावी आणि बाकी वेळ झाडाला ऊन मिळू द्यावे. टोमॅटोला सहा तास तरी थेट ऊन लागते आणि कायम जाळीखाली ठेवलेले झाड उन्हाअभावी पुन्हा फुले गाळते.

संप्रेरकाने देठाचा सांधा काही काळ धरून राहतो आणि फलन न होताही फळ फुगू शकते, पण अशी फळे बऱ्याचदा पोकळ आणि बिनबियांची होतात. मात्रा जरा चुकली तरी शेंडे वेडेवाकडे होतात. कुंडीतील सहा झाडांसाठी मी ते वापरणार नाही.

आता स्पष्ट सांगतो. या झाडांकडून मेअखेरपर्यंत फळाची अपेक्षा सोडा. फेब्रुवारीत लावलेल्या रोपाला फुले नेमकी मार्च-एप्रिलमध्ये आली, चूक तिथेच झाली. लागवड ठरवताना फुले कोणत्या महिन्यात येतील ते आधी पाहावे आणि तिथून मागे मोजावे. पुनर्लागणीनंतर महिनाभरात फुले येतात आणि त्याआधी रोपाला २५-३० दिवस लागतात. पुण्यात नोव्हेंबरमध्ये दिवस ३० अंशांच्या आसपास आणि रात्र १५ च्या आसपास असते, टोमॅटोला याहून चांगली हवा मिळत नाही. म्हणजे बी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडले पाहिजे. पावसाळ्याच्या अखेरीस पांढरी माशी फार असते, म्हणून बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा चुरडा-मुरड्याला दाद न देणारा संकरित वाण घ्या. बारा इंची कुंडीऐवजी वीस लिटरची बादली किंवा पिशवी वापरा. लहान कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते आणि संध्याकाळी चिंब होते, या ओढाताणीनेही फुले गळतात.

देवराई (रत्नागिरी), ३० एप्रिल

नानांच्या हिशेबात कोकणापुरती एक दुरुस्ती सुचवते. आमच्याकडे ऑक्टोबरात हवा दमट आणि उकाड्याची असते, रात्री खऱ्या अर्थाने गार होतात त्या डिसेंबर-जानेवारीत. म्हणून किनारपट्टीवरील वाचकांनी बी ऑक्टोबरच्या सुरुवातीला टाकावे. मुंबई-ठाण्यालाही मी हेच सांगेन.

अबोली (पुणे), २१ डिसेंबर

आठ महिन्यांनी हा धागा वर आणते आहे, कारण आपल्या सल्ल्याचा परिणाम कळवणे हे माझे कर्तव्य आहे.

४ सप्टेंबरला अर्का रक्षकचे बी ट्रेमध्ये टाकले, १ ऑक्टोबरला सहा रोपे वीस लिटरच्या पिशव्यांत पूर्व कठड्याजवळ लावली. शेणखत निम्म्यावर आणले आणि जीवामृत महिन्यातून एकदाच दिले. पहिली फुले ३ नोव्हेंबरला उमलली. तीन झाडांच्या काठ्या रोज सकाळी अकराच्या सुमारास ठोकल्या आणि तीन झाडे मुद्दाम तशीच ठेवली. प्रत्येक गटातील पहिल्या तीस फुलांना रंगीत दोरा बांधला होता. हलवलेल्या झाडांवर तीसपैकी २४ फळे धरली, न हलवलेल्या झाडांवर १७. कठड्यावर वारा असल्यामुळे दुसऱ्या गटालाही बरीच फळे आली असावीत. तीन-तीन झाडांवरून मोठा निष्कर्ष काढता येणार नाही हे मला मान्य आहे, तरी एप्रिलमधील ६५ पैकी दोन या आकड्याशेजारी हे आकडे वहीत लिहिताना डोळे भरून आले. आज सकाळी पहिल्या घोसातील दोन फळांनी रंग धरला आहे.

दोन प्रश्न उरले आहेत. झाडे अजून वाढत आहेत, तर शेंडा खुडावा का? आणि याच फळांचे बी पुढील वर्षासाठी ठेवता येईल का?

नाना (नारायणगाव), २२ डिसेंबर

ताई, तुमचा निरोप घरात सर्वांना वाचून दाखवला.

शेंडा आता खुडू नका. थंडी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत साथ देईल, तोवर येणारी फुले धरतील. त्या सुमारास वरच्या घोसापुढे दोन पाने ठेवून शेंडा खुडा, म्हणजे झाडाची ताकद मार्चच्या वांझ फुलांवर खर्च न होता धरलेल्या फळांत जाईल. खालच्या बगलफुटी (पान आणि खोड यांच्या बेचक्यातून फुटणारे कोंब) मात्र आजच काढा. सर्व फळे एकदम पोसायला लागली की पाण्याची गरज वाढते, तेव्हा दुपारी माती बोटाने चाचपून पाहत जा.

अर्का रक्षक संकरित असल्याने त्याच्या बियांपासून येणारी झाडे एकसारखी निघणार नाहीत आणि रोगाला दाद न देण्याचा गुण सर्वांत उतरेलच असे नाही. घरचे बी ठेवायचे असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या धनश्री किंवा भाग्यश्री या सरळ (संकरित नसलेल्या) वाणाची दोन झाडे पुढील सप्टेंबरात सोबत लावा. सर्वांत निरोगी झाडाच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोसातील पूर्ण पिकलेले फळ घ्या, गर दोन दिवस भांड्यात आंबू द्या, तळाशी बसलेले बी धुऊन सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात तारीख घालून ठेवा.